टायरमध्ये हवा किती भरावी? कोकणात गाडी चालवणाऱ्यांसाठी

पंपावर हवा भरणारा विचारतो, "किती मारू?" आणि आपण "तीस-बत्तीस टाक" म्हणून मोकळे होतो. कोकणात गाडी चालवणाऱ्याने असं करू नये. इथे एकाच दिवसात गाडी कुंभार्ली घाट उतरते, महामार्गावर पळते आणि शेवटी जांभ्याच्या खडबडीत वाटेने घराच्या खळ्यात येते. हा सगळा भार चार टायर झेलतात.

आधी आपल्या गाडीचा आकडा शोधा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खालच्या बाजूला खांबावर स्टिकर दिसतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन माणसांसाठी एक आकडा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा दिलेला असतो. टायरच्या अंगावर कोरलेला 44 किंवा 51 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) मात्र भरायचा नसतो. ती टायरची कमाल मर्यादा आहे.

मोजायचं ते टायर थंड असताना. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली. आमच्याकडे पंप गावापासून लांब, तिथे पोचेपर्यंत टायर तापतात. म्हणून हवेचा दाब मोजायचा स्वतःचा गेज घ्याच. सकाळी अंगणातच चारही चाकं मोजा, कुठल्या चाकात किती कमी आहे ते लिहून ठेवा आणि पंपावर गेल्यावर तेवढीच भर घाला. म्हणजे घरी 28 दिसले आणि हवे 33, तर पंपावर जो आकडा दिसेल त्यात 5 मिळवायचे. गाडीत ठेवायचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर पंपाची गरजच नाही.

घाट उतरून आल्यावर 33 चे 37 दिसले म्हणून हवा सोडू नका. तापल्यावर दाब वाढतोच, कंपनीने तो धरलेला असतो. गरम टायरची हवा काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरते.

गणपतीला गाडी भरून निघते तेव्हा सर्वांत जास्त चूक होते. एका वर्षी आम्ही पाच जण, डिकीत सामान, पायाशी पिशव्या असे निघालो. वाटेत चहाला थांबलो तर मागचे टायर खाली पसरून बसलेले आणि हात लावला तर चटका बसेल इतके तापलेले. हवा आदल्या आठवड्यात भरली होती, पण दोन माणसांच्या हिशेबाने. कमी हवेचा टायर सतत दबतो, आतून तापतो आणि फुटू शकतो. सामान चढवायच्या आधी पूर्ण भाराचा आकडा भरा आणि परत आल्यावर पुन्हा कमी करा.

पावसात पकड मिळावी म्हणून हवा कमी करणारे बरेच भेटतात. हे अगदी उलट आहे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग दबाव सोडतो, खाचांतून पाणी नीट बाहेर फेकलं जात नाही आणि साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. स्टिकरचाच आकडा ठेवा आणि खाचांची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदला. कडा आधी झिजल्या तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा झिजला तर जास्त.

नायट्रोजन भरला नाही म्हणून काही बिघडत नाही, साध्या हवेत तो सुमारे 78 टक्के असतोच.

महिन्यातून एकदा मोजा, लांबच्या प्रवासाआधी तर हमखास. स्टेपनीही मोजा, छोट्या, बारीक स्टेपनीत बहुधा 60 पीएसआय लागतात, आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो. खाऱ्या हवेत व्हॉल्व्ह लवकर खराब होतो. हवा भरल्यावर त्याच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह बदलून घ्या आणि टोपी घट्ट बसवा.