न्यायालयीन थरारकादंबरी आणि ख्रिस्ती श्रद्धा : लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेत ख्रिस्ती वाचकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या जाणाऱ्या न्यायालयीन थरारकादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रवाह आहे. त्यात खून असतो, ज्यूरी असते, उलटतपासणी असते आणि या सगळ्यात एखाद्या वकिलाची, साक्षीदाराची किंवा आरोपीची देवावरची श्रद्धा पणाला लागलेली असते. या प्रकारात लिहू पाहणाऱ्यांचे खर्डे बहुधा एकाच कारणाने फसतात. एका प्रकरणात खटला पुढे सरकतो, दुसऱ्यात नायक प्रार्थना करतो आणि ही दोन प्रकरणे आलटूनपालटून येत राहतात. एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही. कायद्याचा नियमच जिथे श्रद्धाळू माणसाची पुढची पायरी अवघड करतो, अशा जागा प्रत्यक्षात भरपूर आहेत. लेखक त्या सोडून चमत्कार आणि प्रवचन यांच्याकडे वळतो, तिथून बिघाड सुरू होतो.

प्रार्थनेच्या जोरावर खटला जिंकणे

रात्री नायक गुडघे टेकतो आणि सकाळी हरवलेला पुरावा हाती लागतो, हा प्रसंग कितीही भक्तिभावाने लिहिला तरी वाचकाला तो फसवणुकीसारखा वाटतो, कारण तीनशे पाने त्याने वकिलाची बुद्धी आणि धडपड पाहिलेली असते. शिवाय कायदाही आड येतो. फौजदारी खटल्यात आरोपीला अनुकूल ठरणारा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाने बचाव पक्षाला दिलाच पाहिजे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ब्रेडी विरुद्ध मेरीलँड या खटल्यात ठरवून दिले. दिवाणी दाव्यात तर कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे सुनावणीच्या आधीच एकमेकांना द्यावी लागतात. शेवटच्या दिवशी दार उघडून अनोळखी साक्षीदार आत आला, तर ज्यूरीला बाहेर पाठवून त्याला येऊ द्यायचे की नाही यावरच वाद होईल, आणि न्यायाधीश बहुधा नाही म्हणतील.

अशा वेळी प्रार्थनेची जागा बदलून पाहावी. समजा, नायिका देवाकडे मार्ग मागते आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध पक्षाच्या वकिलाने चुकून तिलाच पाठवलेला एक गोपनीय ईमेल तिच्या पुढ्यात येतो. अमेरिकन बार असोसिएशनच्या वकिली आचारसंहितेच्या नमुना नियमांतील नियम ४.४ नुसार असा दस्तऐवज चुकून आल्याचे लक्षात येताच तिने पाठवणाऱ्याला तातडीने कळवले पाहिजे. आता तिला मिळालेले उत्तर हाच तिच्यापुढचा मोह झाला. प्रार्थनेने पुरावा आणून दिला नाही. त्या पुराव्याचे काय करायचे, हा प्रश्न तिच्या विवेकापुढे उभा केला. इथून पुढचे प्रकरण लिहायला लेखकाला चमत्काराची गरज उरत नाही.

साक्षीदाराची भक्ती हाच पुरावा समजणे

बचाव पक्षाचा वकील साक्षीदाराला विचारतो, “आपण दर रविवारी उपासनेला जाता ना?” साक्षीदार होकार देतो, ज्यूरीतील माना डोलतात आणि साक्षीदार खरा ठरतो. हा प्रसंग कित्येक खर्ड्यांत असतो, आणि तो पहिल्याच हरकतीला कोसळतो. संघीय पुरावा नियमांतील नियम ६१० सांगतो की साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला बळ देण्यासाठी किंवा तिच्यावर हल्ला करण्यासाठी त्याच्या धार्मिक श्रद्धेचा पुरावा देता येत नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो: भक्त खरे बोलतो असे सुचवता येत नाही आणि नास्तिक खोटे बोलतो असेही सुचवता येत नाही. अपवाद आहे आणि तो कथेला उपयोगी पडणारा आहे. चर्च स्वतः पक्षकार असेल, तर साक्षीदार त्या चर्चचा सभासद आहे हे त्याचा कल दाखवण्यासाठी पुढे आणता येते.

शपथेचेही तसेच. बायबलवर हात ठेवल्याशिवाय साक्ष होत नाही, असे गृहीत धरू नये. साक्षीदाराला शपथ न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, आणि “शपथ वाहूच नका” या बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञेमुळे क्वेकर पंथाचे लोक पूर्वापार तोच मार्ग घेत आले आहेत. म्हणजे शपथ नाकारणारा साक्षीदार अधिक धार्मिक असू शकतो. ज्यूरीतील एखाद्याला मात्र तो लपवाछपवी करतो आहे असे वाटू शकते.

समारोपाच्या भाषणात बायबलमधील वचनांची रेलचेल करणे ही याच चुकीची मोठी बहीण. असे भाषण लिहायला मजा येते, म्हणून मोह आवरत नाही. पण पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कॉमनवेल्थ विरुद्ध चेंबर्स या खटल्यात मृत्युदंड रद्द केला, तो सरकारी वकिलाने खुन्याला मृत्युदंड द्यावा असे बायबल सांगते, असे ज्यूरीपुढे म्हटल्यामुळे. तुमच्या कादंबरीतील वकील असे बोलला, तर त्याची किंमत अपिलात मोजावी लागते, हे त्याला माहीत असले पाहिजे.

ज्यूरीला नुसता प्रेक्षक समजणे

मला विचाराल तर या प्रकारातील सर्वांत सुपीक जमीन ज्यूरीच्या बंद खोलीत आहे, आणि नवे लेखक तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. त्यांच्या खर्ड्यांत बारा माणसे गहिवरतात, मान हलवतात आणि निकाल देतात. त्या बारांपैकी एखाद्याचा देवाशी संवाद चालू असेल, तर काय होईल?

याचे उत्तर कल्पनेने शोधायची गरज नाही. २०१७ मध्ये फ्लोरिडातील माजी काँग्रेस सदस्य कॉरिन ब्राउन यांच्यावरील खटल्यात ज्यूरीची चर्चा चालू असताना एका सदस्याने इतरांना सांगितले की, त्या निर्दोष आहेत असे आपल्याला पवित्र आत्म्याने सांगितले आहे. दुसऱ्या एका सदस्याने ही गोष्ट न्यायालयाच्या कानावर घातली. न्यायाधीशांनी त्या माणसाला बोलावून विचारपूस केली. आपण पुरावा पाहत आहोत आणि न्यायालयाच्या सूचना पाळत आहोत, असेही तो म्हणाला. तरी त्याला वगळून राखीव सदस्य घेण्यात आला आणि ब्राउन दोषी ठरल्या. २०२१ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्यात येते त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने पूर्णपीठापुढे ती दोषसिद्धी रद्द केली. माणूस पुराव्याचा विचार करताना देवाकडे मार्गदर्शन मागत असेल, तर तेवढ्यावरून तो पुरावा सोडून निकाल देतो आहे असे ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायाधीशांतही त्यावर एकमत नव्हते.

याच्या शेजारी कोलोरॅडोतील पीपल विरुद्ध हार्लन हा खटला ठेवावा. तिथे ज्यूरीच्या खोलीत प्रत्यक्ष बायबल आले, डोळ्याबद्दल डोळा सांगणारे त्यातील लेवीय या पुस्तकामधील वचन पुढे आले आणि मृत्युदंड ठरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो मृत्युदंड कायम ठेवण्यास नकार दिला. सदस्याने स्वतःच्या श्रद्धेतून घडलेला विवेक खोलीत आणला, तर तो चालतो. न्यायालयाने न दिलेला ग्रंथ उघडून त्यातून शिक्षा काढणे चालत नाही. कथाकाराला या दोन निकालांच्या मधली फट शोधायची आहे. पाठ असलेले वचन एखाद्या सदस्याने पुस्तक न उघडता म्हटले, तर? आणि ते ऐकून दुसऱ्या एका श्रद्धाळू बाईंनी, हे दरवाजावरच्या अधिकाऱ्याला कळवावे की नाही या विचारात रात्र काढली, तर? इथे कोणी खलपुरुष नाही आणि तरी पान उलटावेसे वाटते.

सगळी गुपिते एकाच कप्प्यात ठेवणे

कॅथलिक धर्मगुरू, प्रोटेस्टंट पाळक आणि वकील हे तिघेही गुपित सांभाळतात, म्हणून तिघांचे नियम सारखे असतील असे मानणे ही महागात पडणारी चूक आहे. कॅथलिक धर्मगुरूने पापनिवेदनात, म्हणजे भाविकाने एकांतात दिलेल्या पापांच्या कबुलीत (कन्फेशनमध्ये), ऐकलेले काहीही उघड करायचे नाही, असे चर्चच्या कायद्यातील कलम ९८३ सांगते. कलम ९८४ आणखी पुढे जाते: उघड होण्याचा धोका नसला तरी ती माहिती निवेदन करणाऱ्याच्या अहिताला लागेल अशी वापरायचीही नाही. तेव्हा निनावी चिठ्ठी लिहिणारे, पोलिसांना आडून सुचवणारे किंवा खुन्याच्या मोटारीकडे नुसते बोट दाखवणारे फादर लिहू नका. देशाच्या कायद्याने या मौनाला दिलेली मान्यता जुनी आहे. १८१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फादर अँथनी कोलमन यांनी चोरीचा माल परत करणाऱ्याविषयी पापनिवेदनात ऐकलेले सांगण्यास नकार दिला आणि न्यायालयाने तो मान्य केला.

पाळकाचे तसे नाही. बहुतेक प्रोटेस्टंट परंपरांमध्ये पापनिवेदनाची खोली नाही, आणि त्याच्याशी झालेले बोलणे संरक्षित आहे का, हे त्या राज्याच्या कायद्यावर आणि ते बोलणे आध्यात्मिक सल्ल्यासाठी, खासगीत झाले होते का यावर ठरते. उपासनेनंतर ओसरीत दोन वडीलधाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब बहुधा उघडाच पडेल. बाप्तिस्त पाळकाला जाळीआड बसवून पापक्षमा द्यायला लावणारा लेखक तर दोन्ही समाजांचे वाचक एका फटक्यात गमावतो.

वकिलाच्या मौनाची किंमत दाखवायची असेल, तर शिकागोतील आल्टन लोगन यांचे प्रकरण वाचावे. १९८२ मधील एका खुनासाठी ते २६ वर्षे तुरुंगात होते. तो खून आपण केला, असे दुसऱ्या एका आरोपीने आपल्या वकिलांना सांगितले होते. वकिलांनी स्वतः शपथपत्र करून ते कुलूपबंद पेटीत ठेवले आणि अशिलाच्या मृत्यूनंतर हे उघड करण्याची परवानगी त्याच्याकडून घेतली. तो वारल्यावर, २००८ मध्ये, वकील बोलले आणि लोगन सुटले. त्या वकिलांपैकी एक दर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (कम्युनियन) घेणारा होता अशी कल्पना केली, की कादंबरी आपोआप सुरू होते. मात्र नियमाचे टोक सांभाळा: अशील न्यायालयात खोटे बोलला हे वकिलाला नक्की ठाऊक असेल, तर नमुना नियम ३.३ त्याला गप्प बसू देत नाही.

निकालाखेरीज दुसरा शेवट नाही असे मानणे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मधील एका निकालात नमूद केले आहे की संघीय न्यायालयांतील सुमारे ९७ टक्के आणि राज्यांतील सुमारे ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या गुन्हा कबूल करण्यातून होतात. तरी कादंबऱ्यांत कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याचा हा सौदा दोन ओळींत उरकला जातो. निरपराध, श्रद्धाळू आरोपीला तो कसा वाटेल याचा विचार करा. गुन्हा कबूल केला तर दोन वर्षे, लढून हरला तर वीस. आणि कबुली द्यायची तर शपथेवर न्यायाधीशांसमोर “होय, मी हे केले” असे खोटे म्हणायचे. घरी लहान मुले आहेत. १९७० च्या नॉर्थ कॅरोलिना विरुद्ध आल्फर्ड या निकालाने निर्दोषत्वाचा दावा न सोडता शिक्षा स्वीकारण्याची वाट मोकळी ठेवली. पण प्रत्येक न्यायाधीश ती देतोच असे नाही आणि काही राज्ये ती मान्यच करत नाहीत. मधली शंभर पाने रेंगाळत असतील, तर तिथे नवा खून घालण्याऐवजी हा सौदा टेबलावर ठेवून पाहावा.

शेवटच्या प्रकरणातील पश्चात्तापही असाच घाईने उरकला जातो. निर्दोष सुटलेला खुनी प्रभूकडे वळतो, कबुली देतो आणि पोलीस त्याला नेतात. पण त्याच गुन्ह्यासाठी तेच राज्य त्याच्यावर पुन्हा खटला चालवू शकत नाही, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती आड येते. तो स्वतः शपथेवर खोटे बोलला असेल, तर खोट्या साक्षीचा प्रश्न निघू शकतो, आणि मृताचे कुटुंब नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावू शकते, ज्यात हीच कबुली त्याच्याविरुद्ध वाचली जाईल. त्यामुळे त्याचा वकील त्याला तोंड बंद ठेवायला सांगेल आणि त्याचा पाळक कदाचित नेमके उलटे सांगेल. या दोघांना एका खोलीत बसवून ते संभाषण पूर्ण लिहावे, आणि आरोपीने काय ठरवले हे त्यानंतरच वाचकाला कळू द्यावे.