ब्लाइंड क्वांटमचा प्रोजेक्ट घेतला का? मग या चुका टाळा

नागपुरात फायनल इयरचे पोट्टे आजकाल क्वांटमचे प्रोजेक्ट घेऊन राहिले, आणि ब्लाइंड क्वांटम कम्प्युटिंग घेतलं की रिव्ह्यूच्या आदल्या रात्री हमखास विचारतात, भाऊ, आउटपुट चुकून राहिलं, काऊन?

थोडक्यात, मोठं क्वांटम मशीन दुसऱ्याचं, हिशोब आपला, आणि सर्व्हरला, म्हणजे त्या मशीनवाल्याला, इनपुट, आउटपुट, अल्गोरिदम काहीच कळू द्यायचं नाही. ब्रॉडबेंट, फिट्झसिमन्स आणि काशेफी या संशोधकांच्या २००९ च्या प्रोटोकॉलमध्ये क्लायंट, म्हणजे आपण, एकेक क्युबिट (क्वांटमवाला बिट) ४५ अंशांच्या पटीतल्या आठपैकी एका रँडम कोनात तयार करून पाठवतो, सर्व्हर ते एका ग्रिडमध्ये एकमेकांत गुंतवतो आणि क्लायंट सांगेल त्या कोनात मोजतो. सांगायचा कोन म्हणजे खरा कोन (हिशोबाला लागणारा) अधिक लपवलेला कोन (क्युबिट ज्या रँडम कोनात बनवला तो), आणि रँडम बिट १ आला तर वरून १८०. खरा ४५, लपवलेला १३५, बिट १, बेरीज ३६० म्हणजे शून्य. सर्व्हरला फक्त शून्य दिसतो, आणि खरा ९०, लपवलेला ९०, बिट १ घेतला तरी शून्यच येतो.

आता आउटपुट अर्ध्या वेळा उलटं येत असेल तर आधी तो रँडम बिट बघा. सर्व्हरकडून आलेला रिझल्ट त्या बिटाशी एक्सॉर करायचा (म्हणजे बिट १ असेल तर रिझल्ट उलटायचा) राहून जातो, आणि पुढच्या क्युबिटचा कोन आधीच्या रिझल्टवरून बदलायचा असतो तिथंही हा दुरुस्त केलेलाच बिट वापरायचा, कच्चा नाही, नाहीतर एक चूक पुढे सगळीकडे पसरते.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण आउटपुट बरोबर येतं म्हणून कुणाला दिसतच नाही. रँडम कोन लूपच्या बाहेर एकदाच काढायचे आणि हजार शॉट, म्हणजे तोच हिशोब हजारदा चालवताना, तेच वापरायचे! मग सर्व्हरला एकाच स्टेटच्या हजार कॉपी फुकटात मिळतात, तो त्या मोजून लपवलेला कोन काढू शकतो, वजा केला की खरा कोन १८० च्या फरकापर्यंत उघडा. त्यामुळे रँडमवाली लाइन शॉटच्या लूपच्या आतच पाहिजे, प्रत्येक शॉटला नवे कोन आणि नवे बिट.

हिशोबाचा आकार लपत नाही हे पण रिपोर्टात लिहा. ग्रिड किती रुंद, किती लांब हे सर्व्हरला कळतंच, म्हणून इनपुटप्रमाणे ग्रिड लहानमोठी करू नका, सगळ्यांना एकच साइज ठेवा.

आणि व्हायव्हात हमखास अडकायची जागा: ब्लाइंड म्हणजे व्हेरिफाइड नाही. सर्व्हरला काही कळत नसलं तरी तो बिनधास्त कचरा रिझल्ट पाठवू शकतो, ते पकडायला मध्ये मध्ये ट्रॅप क्युबिट पेरावे लागतात, ज्यांचं उत्तर क्लायंटला आधीच माहीत असतं. क्लायंटकडे क्वांटमचं काहीच नसेल तर? संशोधक उर्मिला महादेव यांनी २०१८ मध्ये पूर्ण क्लासिकल क्लायंटलाही क्वांटम हिशोब तपासता येतो हे दाखवलं, पण तिथं सुरक्षा एक अवघड गणित क्वांटम मशीनलाही सुटत नाही या गृहीतकावर टेकलेली आहे, वरच्या २००९ च्या प्रोटोकॉलला असं गृहीतक लागत नाही, म्हणून या दोन्ही गॅरंट्या रिपोर्टात एकाच हेडिंगखाली घुसवू नका.