लाकडी फ्लोअरिंगचे बॉक्स घरी आलेत? बसवण्याआधी या चुका टाळा

"गणपतीच्या आधी घर तयार पाहिजे" हे वाक्य पुण्यातल्या साइटवर जुलैमध्ये इतक्या वेळा ऐकू येतं की सुतार आता नुसतीच मान हलवतात. आणि याच घाईत लाकडी फ्लोअरिंगची वाट लागते. माल चांगला असतो, बसवणारा पण बरा असतो, घोळ होतो तो बॉक्स घरात पडून असतात त्या दिवसांत.

सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे "दुकानदार म्हणाला ४८ तास घरात ठेवा, आम्ही ठेवले, तरी फ्लोअर फुगलं". अहो ठेवले ते ठीक, पण कुठल्या हवेत ठेवले? लाकूड आजूबाजूच्या हवेतून ओलावा घेतं आणि परत सोडतं, ते काही घड्याळ बघत नाही. हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा साधारण ६ टक्क्यांवर येऊन थांबतो, ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी घसा कोरडा पडतो आणि ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणजे ही दोन्ही टोकं पुण्यात एकाच वर्षात बघायला मिळतात. त्यामुळे दिवस मोजू नका, ओलावा मोजा.

थोडा हिशोब करू. ओकची ५ इंच रुंद पट्टी, ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर ती रुंदीत जवळपास पावणेदोन मिमी फुगते (लांबीत म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही). १० फुटी खोलीत अशा २४ पट्ट्या बसतात, कागदावर बेरीज ४ सेंटीमीटरच्या वर गेली. भिंतीशी सोडलेली १० मिमीची गॅप तिथे काय पुरणार! सागवान ओकच्या साधारण निम्मंच हलतं, त्यामुळे सागवानवाल्यांना जरा तरी दिलासा.

आता पावसाळ्यातली खास चूक. "हवा खेळती राहू दे" म्हणून खिडक्या सताड उघड्या टाकतात, पट्ट्या बाहेरची दमट हवा पिऊन फुगतात, फुगलेल्याच घट्ट ठोकून बसवतात आणि मग एप्रिलमध्ये दोन पट्ट्यांच्या मधे नाणं उभं राहील एवढी फट पडते. मे महिन्यात बसवलं तर बरोब्बर उलटं होतं, कोरडी पट्टी गॅप न सोडता भिंतीला भिडवली की पहिल्या मोठ्या पावसात फ्लोअर मधेच वर उचललं जातं. घरात तुम्ही जसे राहणार तशी हवा आधी तयार करा, म्हणजे काचा बसलेल्या, दारं लागलेली, पंखा चालू, रोज एसी लावणार असाल तर तोही तसाच. एक साधा डिजिटल आर्द्रता मीटर खोलीत ठेवून द्या, काही शे रुपयांत येतो.

ठेवण्याबद्दल बोलायचं तर पार्किंग, बाल्कनी, गच्चीवरची शेड या तिन्ही जागा बाद. लिफ्ट मिळाली नाही म्हणून माल रात्रभर खाली राहिला, हे प्रकार नव्या सोसायट्यांमध्ये सर्रास चालतात. बॉक्स भिंतीला टेकवून उभे करू नका, पट्ट्या बाक घेतात. प्लायचे तुकडे टाकून त्यावर आडवी थप्पी लावा, बाहेरच्या भिंतीपासून आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब. एका फ्लॅटमध्ये थप्पी बाथरूमच्या दाराशीच लावली होती, वरच्या बॉक्समधल्या पट्ट्यांवर लाकडातला ओलावा मोजणारा मीटर (हा खोलीतल्या आर्द्रता मीटरपेक्षा वेगळा) ९ टक्के दाखवत होता आणि सगळ्यात खालच्या बॉक्समधे, फरशीला चिकटलेल्या बाजूला, १४! म्हणून मीटर एकाच पट्टीला लावून मोकळं होऊ नका, वेगवेगळ्या बॉक्समधल्या पट्ट्या तपासा.

सॉलिड लाकूड असेल तर प्लास्टिक काढा आणि मधे बारीक पट्ट्या टाकून हवा जाईल अशी थप्पी लावा, सीलबंद बॉक्स महिनाभर ठेवून पण आतल्या लाकडाचा ओलावा फारसा बदलत नाही. इंजिनिअर्ड (वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लायसारखे थर) आणि लॅमिनेटचं (दाबलेल्या बोर्डवर लाकडाची छापील डिझाइन) वेगळं आहे, बऱ्याच कंपन्या बॉक्स बंदच ठेवायला सांगतात, तेव्हा बॉक्सवरचं वाचा. सुतार काका म्हणाले म्हणून फाडायचं नाही.

आणि खालचा कोबा, म्हणजे फ्लोअरिंगच्या खालचा सिमेंट-काँक्रीटचा थर! लाकडाचं सगळं नीट केलं आणि खाली ओला कोबा, तर मग कशाचाच उपयोग नाही. ढोबळ हिशोब असा की काँक्रीट वाळायला इंचाला एक महिना लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्तच. प्लास्टर, पुट्टी, पीओपी, पेंटिंग ही सगळी ओली कामं संपून घर सुकल्यावरच माल मागवा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक कोब्यावर चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा, खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला तर थांबायचं. जुन्या टाइल्सवर टाकणार असाल तर बाथरूमचं लीकेज आधी बघा.

बसवून झालंय आणि आता गडबड दिसतेय? पट्ट्यांच्या कडा वर आणि मध्य खाली असेल तर बहुतेक वेळा खालून ओलावा येतोय, आधी तो शोधा. लगेच पॉलिश मशीन फिरवू नका, कारण कडा घासल्या आणि नंतर लाकूड वाळलं की मध्य टेंगळासारखा वर राहतो. मधेच उचललं गेलं असेल तर स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) काढून बघा, पट्टी भिंतीला टेकलेली सापडली तर कड कापून गॅप द्या. उन्हाळ्यात फटी पडल्या तर लगेच पुट्टी भरू नका, एक पावसाळा जाऊ द्या, बऱ्याच आपोआप मिटतात. लॅमिनेटच्या कडा पाण्याने फुगल्या असतील तर मात्र त्या परत बसत नाहीत, ती पट्टी बदलावीच लागते.

त्यासाठी उरलेला एखादा बॉक्स जपून ठेवा, तोच शेड नंतर मिळेलच असं नाही. फक्त तो बाथरूमच्या माळ्यावर टाकू नका, बेडखाली आडवा ठेवा.