संवेग कायम राहतो, पण कोणाचा? या चुका टाळा

टक्कर दिसली रे दिसली की अकरावी-बारावीची मुलं ‘आधीचा एकूण संवेग = नंतरचा एकूण संवेग’ लिहून मोकळी होतात (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग). नियमाची अट मात्र वाचायची राहते: बाहेरून लागणारं एकूण बल शून्य हवं. आता ‘बाहेरून’ म्हणजे कशाच्या बाहेरून, हे आपणच ठरवायचं असतं.

वरून सोडलेल्या चेंडूचा संवेग वाढत जातो. नियम मोडला? नाही. एकटा चेंडू धरला तर गुरुत्वबल बाहेरचं. पृथ्वीही हिशेबात घेतली की तेच बल आतलं, आणि एकूण संवेग होता तेवढाच. म्हणून आधी आकृती काढा, विचारात घेतलेल्या वस्तूंभोवती रेघ मारा, मगच समीकरणाला हात घाला.

ही रेघ भल्याभल्यांना चकवते. निर्वातात रॉकेटला रेटायला काहीच नसतं, असं म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२० मध्ये अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची टर उडवली होती. रॉकेट आणि त्यातून सुटणारे वायू एकाच रेघेत घेतले असते, तर हवेचा प्रश्नच आला नसता. चूक कबूल केली १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना!

सगळ्यात जास्त मार्क जातात ते लाकडाच्या ठोकळ्यात घुसणाऱ्या गोळीच्या गणितात. गोळी १० ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटर. दोरीला टांगलेला ठोकळा १.९९ किलोचा. ठोकळा किती वर जाईल? गोळीची सगळी ८०० जूल गतिज ऊर्जा उंचीत घातली, तर उत्तर येतं सुमारे ४१ मीटर. तेरा-चौदा मजली इमारत! इथेच शंका यायला हवी. गोळी रुतते त्या क्षणापुरता आडवा संवेग टिकतो, गतिज ऊर्जा नाही. संवेगावरून ठोकळ्याचा वेग येतो सेकंदाला २ मीटर आणि उरतात फक्त ४ जूल. बाकी लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जातात. पुढे ठोकळा झुलतो तेव्हा उलटं होतं: ऊर्जा टिकते, संवेग टिकत नाही, कारण दोरीचा ताण आणि गुरुत्वबल ही बाहेरची बलं लागत असतात. खरी उंची जेमतेम २० सेंटिमीटर. एकाच गणितात दोन टप्पे, दोन नियम.

दिशेचीही गल्लत होते. घर्षण नसलेल्या रुळांवर धावणाऱ्या वाघिणीत (मालगाडीच्या उघड्या डब्यात) वरून सरळ वाळू पडली, तर वाघीण मंदावते. पण तळाच्या भोकातून वाळू गळली, तर वेग वाढतो का? नाही. गळणारी वाळू आपला आडवा वेग घेऊनच खाली पडते.

‘टक्कर क्षणाची, बाह्य बल सोडून द्या’ हेही सरसकट चालत नाही. दोन गाड्यांच्या टकरीत रस्त्याचं घर्षण सोडता येतं, कारण तेवढ्या वेळात ते संवेगात फारसा फरक पाडत नाही. पण गोळी दारात रुतली, तर बिजागरीचं बलही त्याच क्षणी प्रचंड होऊ शकतं. तिथे बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) धरा. त्या अक्षाभोवती बिजागरीच्या बलाचा टॉर्क (फिरवण्याचा परिणाम) शून्य असतो.