दाखल्यात नुसतं ‘ऑस्ट्रिया’ असेल तर: खाणगावातल्या क्रोएशियन पूर्वजांचं मूळ गाव कसं शोधावं

आमच्या विहीणबाईंचे आजोबा अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रॉसलिन गावी कोळशाच्या खाणीत होते. नातीला शाळेसाठी वंशावळ हवी होती. आमच्याकडच्या कोकणातल्या सात पिढ्या एका दुपारी लिहून झाल्या. विहीणबाईंकडे आजोबांच्या मृत्यूचा दाखला तेवढा होता आणि त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात एकच शब्द: ऑस्ट्रिया. “पण आम्ही तर क्रोएशियन!” असं म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांचं ते गप्प बसणं मला फार लागलं. मग आम्ही दोघींनी शोध घेतला. परदेशी सोयरीक झालेल्या घरांत ही वेळ आता वरचेवर येते, म्हणून आमची वाट इथे क्रमाने लिहिते.

आधी त्या शब्दाचा उलगडा. १९१८ पर्यंत क्रोएशिया हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता. दाल्मेशिया आणि इस्ट्रिया ऑस्ट्रियाकडे, तर झाग्रेबच्या बाजूचा मुलूख हंगेरीच्या अखत्यारीत. त्यामुळे कागदावर ऑस्ट्रिया, हंगेरी, स्लाव्होनियन असं काहीही सापडतं. गावांची नावंही जुनी असतात: झाग्रेबचं आग्राम, रियेकाचं फियुमे, स्प्लिटचं स्पालातो. ही यादी हाताशी ठेवा.

घरापासून सुरुवात करा. प्रार्थनेचं पुस्तक, गावाहून आलेली पत्रं, फोटोंच्या मागची बाजू, सगळं बघा. संघटनेची विम्याची पावती मिळाली तर जपून ठेवा. खाणीत माणूस गेला की घर उघड्यावर पडायचं, म्हणून या लोकांनी आपापसात वर्गणी काढून मंडळं उभारली. १८९४ मध्ये आजच्या पिट्सबर्गमध्ये त्यांची मोठी संघटना झाली. क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन या नावाने ती आजही चालू आहे. विम्याच्या कागदावर वारस म्हणून कित्येकदा गावाकडची आई किंवा भाऊ असतो.

मग नाव सोडवा. क्रोएशियन लिपी रोमन असली तरी उच्चार वेगळे. इंग्रजीतल्या ‘जे’ अक्षराचा उच्चार ते ‘य’ करतात, आणि ‘सी’वर छोटी खूण आली की त्याचा ‘च’ होतो. अमेरिकन कारकुनाने खूण गाळली की ‘च’चा ‘क’ झाला. म्हणजे युर्कोविचचा जुर्कोविक व्हायला एक कारकून पुरे. शीवचं सायन झालं, तसंच हे. इवानचा जॉन, युराय्‌चा जॉर्ज, स्त्येपानचा स्टीव्ह हे तर ठरलेलंच. नाव एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, बदललं असं घरोघर सांगतात, ते धरून बसू नका. तिथले अधिकारी जहाजाच्या यादीवरूनच तपासणी करत. नावं बदलली ती पुढे, खाणीच्या पगारपत्रकात आणि शाळेत. शोधताना नाव मोठ्याने उच्चारा आणि देवनागरीत लिहून काढा. आम्हाला त्याचा खरंच उपयोग झाला.

जनगणनेत एकटा माणूस शोधू नका. या लेखातलं एवढं एक लक्षात ठेवलंत तरी चालेल. १९०० ते १९३० च्या जनगणनांमध्ये स्थलांतराचं वर्ष असतं आणि १९१० पासून मातृभाषाही असते. पण खरा ऐवज त्याच पानावर, त्याच घरातल्या इतर ओळींत आहे. आमच्या पानावर एक नवरा-बायको, दोन मुलं आणि खाली सात ‘बोर्डर’, म्हणजे पैसे देऊन राहणारे-जेवणारे. ती बाई सात खाणकामगारांचं जेवण, धुणं, आंघोळीचं पाणी बघत होती, आपल्या गिरणगावातल्या खानावळीणबाईंसारखी. आणि गिरणगावात जशी एका गावची माणसं एका खोलीत राहायची, तशीच इथे. आजोबा त्या सातांतले एक. त्यांच्या कागदांत गाव मिळेना, म्हणून आम्ही उरलेल्या सहा जणांची नावं वहीत लिहिली आणि त्यांच्यामागे लागलो.

जहाजाची यादी दोन्ही पानं उघडून वाचा. १९०७ पासूनच्या याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता डाव्या पानावर असतो, पण जन्मगावाचा रकाना उजव्या पानावर. आम्ही महिनाभर डाव्या पानावरच अडून होतो. सहापैकी दोघांच्या उजव्या पानावर फुझिने हे गाव निघालं. ते गोर्स्की कोटार या डोंगराळ भागात, रियेका बंदराच्या वर आहे. त्या बंदरातून थेट न्यूयॉर्कला जहाजं जात. टायटॅनिकची माणसं वाचवणारं कार्पेथिया हे जहाज त्या वेळी रियेकाकडेच निघालं होतं.

नागरिकत्वाचे अर्ज २७ सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर जास्त बोलके, त्यांत जन्मगाव असतं. रॉसलिन किटिटास काउंटीत येतं. तिथली जुनी दप्तरं एलेन्सबर्गच्या राज्य अभिलेखागाराच्या शाखेत विचारा आणि राज्याचं मोफत डिजिटल अभिलेखागारही चाळा. सैन्यनोंदणीची कार्डं विसरू नका: जून १९१७ च्या आणि एप्रिल १९४२ च्या कार्डांवर जन्मस्थळ आहे, सप्टेंबर १९१८ च्या कार्डांवर नाही.

खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल वाचायला मन घट्ट करावं लागतं. त्यांत अपघाती मृतांची नावं आणि अपघाताची हकीकत असते. मागे राहिलेली विधवा आणि मुलं किती, हेही बऱ्याच ठिकाणी असतं. १० मे १८९२ च्या एका स्फोटात रॉसलिनमध्ये ४५ माणसं गेली.

स्मशानभूमीत स्वतः जा. रॉसलिनला टेकडीच्या उतारावर मंडळांची आणि जमातींची अशी पंचवीसएक वेगवेगळी स्मशानं लागून आहेत. माणूस कुठल्या भागात पुरला आहे यावरून त्याचं मंडळ कळतं. काही दगडांवर चिनी मातीचा अंडाकृती फोटो बसवलेला दिसतो. खाली क्रोएशियन मजकूर असतो: ‘पोचिवा’ म्हणजे विसावला आहे, ‘रोजेन’ म्हणजे जन्मला, ‘उम्रो’ म्हणजे वारला. कधी गावाचं नावही कोरलेलं असतं. आजोबांच्या दगडावर ते नव्हतं. विहीणबाईंनी शेवाळ हाताने बाजूला केलं आणि शेजारच्या दगडावरचं नाव वाचून दाखवलं. ते आमच्या वहीतल्या सहांपैकी एक होतं.

गाव कळल्यावरच क्रोएशियाकडे वळा. तिथे चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची पुस्तकं आहेत, त्यांना ‘मातिच्ने क्न्यिगे’ म्हणतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जशा गाववार वह्या, तशी ही पुस्तकं पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे, म्हणून गावाशिवाय ती उघडताच येत नाहीत. बरीचशी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढून बघता येतात. काही पुस्तकांसाठी त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. नावाने शोधून काही आलं नाही तरी पानं एकेक करून उलटा. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण रकाने ठरलेले: मूल, आईबाप, घराचा क्रमांक, धर्मपिता. घर क्रमांक लिहून घ्या. एकाच आडनावाची दहा कुटुंबं असली की वेगळी करायला तोच उपयोगी पडतो. ‘स्ताण्ये दुशा’ हे कुटुंबवार पुस्तक मिळालं तर अख्खं घर एका पानावर सापडतं.

नोंद मिळाली की समासही वाचा. मुलगा मोठा होऊन कुठे लग्न करता झाला, हे नंतरच्या पाद्रीने तिथे बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं असतं. आमच्या पानाच्या समासात एकच शब्द होता, आणि तो वाचायला लॅटिन लागलं नाही: अमेरिका.