जुन्या गाडीचे इंजिन तापत असेल तर दोष कुठे शोधावा

पंधरा-वीस वर्षे वापरलेली गाडी तापू लागली, की पहिला विचार रेडिएटर बदलण्याचा किंवा पंख्याची मोटर नवी बसवण्याचा येतो. त्याआधी गाडी नेमकी केव्हा तापते, हे दोन-चार दिवस नीट पाहावे. गणपतीला मुंबईहून गावी येताना माणगावच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा होऊन गाडीने वेग घेतला की तो आपोआप खाली येतो, असे घडत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. कारण वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवण्यास पुरतो आणि पंख्याची खरी गरज उभ्या किंवा मंद गाडीलाच लागते. सलग वेगात असतानाही काटा चढतच असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी झाले आहे, थर्मोस्टॅट (त्याची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) अडकला आहे, वॉटर पंप झिजला आहे किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे, असे समजून शोध घ्यावा. साखरप्याहून आंबा घाट चढताना मात्र भारही जास्त असतो आणि वेगही कमी असतो, त्यामुळे केवळ घाटात तापणारी गाडी या दोन्हींपैकी कोणत्याही कारणाने तापत असू शकते.

काटा लाल रेषेकडे जाऊ लागल्यास एसी बंद करावा, हीटर पूर्ण उष्णतेवर लावावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. वाफ येत असेल किंवा पाणी सांडले असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. त्या झाकणामुळे आत साधारण ०.९ बार दाब टिकतो आणि त्या दाबाखाली पाणी सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो, सगळे पाणी एकदम उकळून उसळते आणि तोंड-हात भाजतात. निदान पाऊण तास थांबावे, मगच जाड फडके धरून झाकण हळूहळू सोडावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याने वाकते किंवा त्याला तडा जातो.

घरी आल्यावर थंड इंजिनावर तपासणी सुरू करावी. कूलंटची पातळी, झाकणाच्या रबराची चीर, होज पाइपचा फुगवटा आणि वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रातून ओघळ आहे का, हे पाहण्यास दहा मिनिटे लागतात.

पंख्याकडे अधिक वेळ द्यावा. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत रेडिएटरजवळ दोन तारांचा थर्मो स्विच असतो आणि पाणी साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान गेले की तो पंखा सुरू करतो. इग्निशन चालू ठेवून, हात पंख्यापासून दूर ठेवून, त्या स्विचचे सॉकेट काढावे आणि त्यातील दोन टोके छोट्या तारेने जोडावीत. पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज आणि रिले (पंख्याची वीज जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) ठीक आहेत. दोष स्विचमध्ये आहे किंवा गरम पाणी स्विचपर्यंत पोहोचत नाही. पंखा फिरला नाही, तर आधी फ्यूज व रिले पाहावेत आणि मग मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहावी. संगणकाने पंखा चालवणाऱ्या नंतरच्या गाड्यांवर ही तारेची युक्ती करू नये.

मोटर थेट विजेवर जोरात फिरते आणि गाडीत मात्र फिरत नाही किंवा मंद फिरते, ही आपल्या किनारपट्टीवर फार आढळणारी स्थिती आहे. माझ्या गाडीत एका गॅरेजने नवी मोटर बसवली, तरी आठवड्यात गाडी पुन्हा तापली. मी मोटरची अर्थिंगची काळी तार (वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी) शोधत गेलो, तेव्हा हेडलाइटच्या मागे पत्र्यावर स्क्रूने बसवलेली तिची कडी सापडली. वरून ती जागच्या जागी घट्ट दिसत होती, पण स्क्रू काढल्यावर कडीच्या खाली हिरवट पूड आणि पत्र्यावर गंजाचे वर्तुळ निघाले. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तिथला संपर्क खाऊन टाकला होता. कडी व पत्रा कानशीने चकचकीत करून, नवी कडी बसवून वर ग्रीस लावल्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला. आपल्याकडे मल्टिमीटर असेल, तर पंखा चालू असताना बॅटरीचे ऋण टोक आणि मोटरची अर्थ तार यांमधील व्होल्टेज मोजावे. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असल्यास अर्थिंग खराब आहे. नवी मोटर घेण्याआधी हे मोजमाप करण्याचा माझा आग्रह आहे.

बेल्टवर फिरणाऱ्या पंख्याच्या जुन्या डिझेल जीपमध्ये बेल्ट अंगठ्याने दाबल्यास साधारण एक सेंटिमीटर दबावा. पंख्याला व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला घट्ट पकडणारा, आत दाट तेल असलेला जोड) असेल, तर गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहावा. तो अगदी सैल गिरक्या घेत राहिला, तर क्लच गेलेला आहे.

रेडिएटरच्या जाळीतील चिखल, किडे आणि जांभ्याची तांबडी धूळ इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. बोट लावताच पत्र्या भुगा होऊन गळत असतील, तर धुऊन उपयोग नाही, रेडिएटर बदलावाच लागतो. आत खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी कधीही घालू नये. त्यातील क्षार नळ्या चोंदवतात आणि ॲल्युमिनियम कुरतडतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे वापरावे. काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नये, कारण ते चवीला गोड आणि विषारी असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

सगळे ठीक असूनही पाणी कमी होत असेल, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांमधील सील) उडाल्याची शक्यता मोठी आहे. अशी गाडी चालवू नये, ओढून न्यावी.

दुरुस्तीनंतर गाडीचे नाक किंचित चढावर ठेवून, हीटर उघडा ठेवून सावकाश कूलंट भरावे, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते. मग झाकण लावून इंजिन उभ्यानेच चालू ठेवावे आणि पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन दोनदा आपोआप बंद होईपर्यंत काट्यावरची नजर हलवू नये.