भयपटाचा ट्रेलर कसा कापावा: भूत झाकून ठेवा, आवाज काढून घ्या

भयपटाचा ट्रेलर करायला बसलं की पहिला सल्ला मिळतो, 'सगळ्यात भारी सीन आधी घाल.' दुसरा मिळतो, 'दणदणीत म्युझिक टाक.' हे दोन्ही सल्ले पाळून केलेले ट्रेलर माझ्याकडे दुरुस्तीला येतात. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो आहे, आणि नोव्हेंबर जवळ आला की आपलं काम चार लोकांना दाखवावं असं इथल्या पोरांनाही वाटतं. पहिली शॉर्टफिल्म बहुतेक जण भुताचीच करतात. आजोळी जुनं घर असतं, पावसाळी रात्रींना पैसे पडत नाहीत. फिल्म बरी जमलेली असते. ट्रेलर बघून मात्र कुणी दचकत नाही, आणि दचकलंच तर फिल्म बघायला कुणी येत नाही, कारण भूत आधीच बघून झालेलं असतं.

फुटेज सिंक झालंय (चित्र आणि आवाज जुळवून झालेत), सॉफ्टवेअर हाताळता येतं आणि फिल्मचा कट पक्का झालाय, एवढं धरून चालते.

१. काय दाखवायचं नाही ते आधी ठरवा

ज्या ज्या शॉटमध्ये भूत पूर्ण दिसतं ते सगळे शॉट एका वेगळ्या बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप ठेवायच्या कप्प्यात, टाका आणि ती बिन बंद करा. मेकअपवर कितीही खर्च झालेला असो. निर्माता हट्ट धरील, मेकअप करणारी मैत्रीण रुसेल. तरी बंदच ठेवा.

दिग्दर्शक हिचकॉकनं १९६० साली 'सायको' ह्या आपल्या सिनेमासाठी केलेल्या ट्रेलरमध्ये सिनेमातले प्रसंग जवळजवळ नाहीतच. सहा मिनिटांहून जास्त वेळ तो स्वतः ते मोटेल आणि मागचं घर फिरवून दाखवतो, आणि इथं काय घडलं ते सांगता सांगता नेमक्या जागी बोलायचा थांबतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकतो आणि किंकाळी येते. त्या पडद्यामागे उभी केलेली नटीसुद्धा सिनेमातल्या त्या प्रसंगातली नव्हे. १९८० च्या 'द शायनिंग'च्या ट्रेलरमध्ये तर एकच स्थिर शॉट आहे: लिफ्टची बंद दारं आणि बाजूनं लोटत येणारं रक्त. रक्त कुणाचं, का, काही कळत नाही. सिनेमा बघायला जायचं कारण शाबूत राहतं.

गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री त्या घालून तो गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. वेताळाला फिरताना पाहिलंय असं सांगणारा क्वचित भेटेल, पण झिजलेल्या वहाणांबद्दल घरोघरी बोललं जातं. ट्रेलरमध्ये असंच काहीतरी हवं, कुणीतरी येऊन गेल्याची खूण. दाराशी ओली पावलं, आतून लागलेली कडी, देवघरातला आडवा पडलेला दिवा.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगते. वेताळ काय, देवचार काय, हे राखणदार आहेत. आजही लोक त्यांना गाऱ्हाणं घालतात. त्यांना रक्ताला चटावलेला राक्षस करून नाचवू नका. भूत हवं असेल तर नवीन रचा, तेवढी मेहनत घ्या.

२. शॉट निवडा

तीन प्रकारचे शॉट काढून ठेवा.

पहिला, बघणाऱ्या माणसाचा चेहरा. त्याला काय दिसतंय ते न दाखवता फक्त चेहरा. नट चांगला असेल तर एवढ्यावर अर्धा ट्रेलर उभा राहतो.

दुसरा, फ्रेममधली मोकळी जागा. माणूस एका कडेला आणि बाकीची चौकट रिकामी, अंधारी. प्रेक्षक त्या रिकाम्या जागेत शोधत बसतो. कॅमेरा तिच्याकडे इतक्या सावकाश सरकू दे की सरकतोय हे उशिरा कळावं. कॅमेरा उगाच तिरका धरलेले शॉट मी सरसकट बाजूला टाकते. 'आता घाबरा' असं ते ओरडून सांगतात.

तिसरा, अर्धवट दिसणारं. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्या बसवलेल्या खिडक्या असतात. त्यांतून उजेड दुधट होऊन येतो, पण पलीकडची आकृती नीट कळत नाही. अशी खिडकी तुमच्या लोकेशनवर असेल आणि तिच्याआड कुणी उभं राहिल्याचा एकही शॉट घेतला नसेल, तर परत जाऊन घ्या. ज्या धूसरतेसाठी लोक महागड्या लेन्स भाड्यानं आणतात ती तिथं भिंतीतच बसवलेली आहे.

३. क्रम लावा

आधी घर आणि माणसं, मग एक विसंगत गोष्ट, मग शंका, मग धावपळ, मग एकदम थांबणं, शेवटी एक धक्का आणि नाव. एकूण दीड मिनिट. सुरुवातीचे शॉट चार-पाच सेकंदांचे, धावपळीतले दहा-बारा फ्रेमचे. गोष्ट समजावून सांगणारे संवाद काढून टाका.

४. आवाज

ह्या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त काळ छळलं, आणि सगळ्यात टाकाऊ सल्ले मिळतात ते ह्याच टप्प्याबद्दल. इंटरनेटवर तयार आवाजांचे गठ्ठे मिळतात: धडाम, सूंऽऽ करत चढणारे रायझर, किंकाळ्या. ते ओळीनं मांडले की ट्रेलर झाला असं वाटतं. कानाला मात्र पाचव्या सेकंदाला सवय होते, आणि मग कितीही आदळआपट करा.

आधी दचकणं म्हणजे काय ते समजून घ्या. अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान खांद्यांत जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, विचार त्यानंतर येतो. तिला आवाज एका क्षणात उसळलेला लागतो आणि त्याआधी शांतता लागते. हळूहळू चढलेला आवाज शेवटी कितीही मोठा झाला तरी तसं दचकवत नाही. आणि दचकणं ओसरायला वेळ लागत नाही. अंगावर राहते ती त्याआधीची धाकधूक. म्हणून मेहनत धडाम आवाजावर नको, त्याच्या आधीच्या आठ-दहा सेकंदांवर हवी.

त्यासाठी आवाजाचे थर वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. सगळ्यात खाली जागेचा आवाज. गोव्याच्या सत्तरी किंवा डिचोली तालुक्यात पावसाळ्यातली रात्र शूट केली असेल तर तो तुमच्याकडे आहेच: बेडूक, रातकिडे, छपराच्या नळ्यांवरून (कौलांवरून) गळणाऱ्या पागोळ्या. युनिट सामान आवरायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून प्रत्येक खोलीत दोन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा. विकत घेतलेला पाऊस कुठल्या देशातला असतो देव जाणे, आणि नळ्यांवरचा पाऊस पत्र्यावरच्या पावसासारखा वाजत नाही हे आपल्या माणसाला लगेच कळतं. त्याच्यावर खर्जातली घुमी, म्हणजे सतत घुमत राहणारा खोल आवाज. सगळ्यात वर जवळचे आवाज: श्वास, जिन्याची फळी, कडी.

आता ह्यातलं एकेक काढून घ्यायला लागा. भर घालत जाऊ नका. धावपळ संपली की आधी बेडूक काढा. दोन सेकंदांनी पाऊस उतरवा. मग रातकिडे, आणि ते मात्र एका झटक्यात बंद करा, फेड न देता, म्हणजे हळूहळू न उतरवता. गावात वाढलेल्या माणसाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. रातकिडे एकदम गप्प होतात ते जवळून कुणीतरी चाललं की. शहरातल्या माणसाला कारण सांगता येणार नाही, पण तोही सावरून बसतो. घुमी शेवटी काढा. ती चालू होती हे प्रेक्षकाला ती गेल्यावर कळतं, आणि त्या क्षणी खोली मोठी आणि रिकामी वाटायला लागते.

ट्रॅक पूर्ण शून्यावर नेऊ नका. पूर्ण शून्य झालं की फाइल बिघडली असं वाटून माणूस फोनकडे बघतो, आणि तुमची आठ सेकंदांची मेहनत वाया जाते. खोलीचा आवाज अगदी बारीक राहू दे. सोबत एखादा श्वास, एखादं थेंब पडणं.

मग प्रश्न येतो, ही शांतता किती लांब ठेवायची? 'दोन सेकंद' असं ठोकून सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ते प्रत्येक कटचं वेगळं असतं आणि मोजायची एक रीत आहे. धक्का काढून टाकून नुसती शांतता पुढं लांबवा. दुसऱ्या दिवशी ताज्या कानानं बघा, बोट मार्करच्या (टाइमलाइनवर खूण करायच्या) बटणावर ठेवा आणि 'आता येणार' असं वाटेल तिथं दाबा. ज्यांनी कट पाहिलेला नाही अशा तिघा-चौघांकडूनही हेच करून घ्या. सगळ्यांचे मार्कर साधारण एका ठिकाणी गोळा होतात. त्या ठिकाणी धक्का ठेवायचा नाही. तिथं प्रेक्षक तयार होऊन बसलेला असतो.

तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. धक्का त्या जागेच्या दहा-बारा फ्रेम आधी आणा, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबानं जवळपास अर्धा सेकंद. नाहीतर ती जागा तशीच जाऊ द्या, प्रेक्षकानं रोखलेला श्वास सोडू द्या, आणि मग द्या. मी जवळजवळ नेहमी दुसरी वाट घेते. अपेक्षेच्या जागी काहीच होत नाही तेव्हा माणूस स्वतःशीच म्हणतो, 'नाही वाटतं येणार', आणि खांदे खाली येतात. त्या खाली येणाऱ्या खांद्यांवर धक्का बसला पाहिजे. त्या जागी मांजरीनं उडी मारणं, मैत्रिणीनं मागून हात ठेवणं, असले खोटे धक्के भरू नका. प्रेक्षकाला फसवल्याचा राग येतो आणि खऱ्या धक्क्याला तो तुमच्या बाजूनं उरत नाही.

रायझर वापरायचा मोह होईल. तो चढत चढत जातो आणि धक्का कधी येणार ते प्रेक्षकाला मोजून देतो. वापरायचाच असेल तर तो संपल्यावर काहीही होऊ देऊ नका, नुसती शांतता ठेवा. त्यातून उलट फायदा होतो.

धक्क्याचा आवाज तुटक सुरू झाला पाहिजे, क्लिपच्या आधीची मोकळी जागा कापून टाका. मी तो चित्राच्या एक फ्रेम आधी ठेवते, मागे कधीच नाही. आवाज निवडताना मोठा ढोल शोधू नका, फाटलेला गळा शोधा. संकटातल्या प्राण्यांच्या ओरडण्याचा अभ्यास करणारे डॅनियल ब्लमस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली सिनेमांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या, तेव्हा तसेच खरखरीत, ताबा सुटलेले आवाज तिथंही वापरलेले आढळले. रानाजवळ राहत असाल तर कोल्हेकुई किंवा मोराची हाक स्वतः रेकॉर्ड करा, सूर खाली ओढा आणि धडामच्या खाली दबकी ठेवा. ओळखू येता कामा नये. आणि संपूर्ण ट्रेलरमध्ये असा धक्का एक, फार तर दोन. तिसऱ्यापासून लोक हसायला लागतात.

दोन तांत्रिक गोष्टी न पाळल्यानं चांगले ट्रेलर वाया जाताना मी पाहिलेत. एक, सगळा मिक्स मोठा करून ठेवू नका. यूट्यूब जादा मोठा आवाज आपणहून खाली आणतं, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ते मोजायच्या एककाच्या) आसपास. तुम्ही आधीच सगळं कमाल पातळीला नेलं असेल तर धक्क्याला वर उसळायला जागाच राहत नाही. सुरुवातीचे आवाज धीटपणे लहान ठेवा. दुसरी, खर्ज. ४०-५० हर्ट्झची घुमी स्टुडिओत छातीत वाजते, पण फोनच्या स्पीकरमधून ती येतच नाही, आणि बहुतेक लोक ट्रेलर फोनवर बघणार. घुमीला थोडं सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम किंचित फाटवणारा इफेक्ट) द्या, म्हणजे तिच्या वरचे सूर तयार होतात आणि ते फोनवर ऐकू येतात. नाहीतर जी घुमी काढून घेऊन तुम्ही खोली रिकामी करणार, ती फोनवर मुळात नव्हतीच.

५. उरलेलं

रंग: सगळ्या रात्री निळ्या करू नका, जुन्या घरातल्या पिवळ्या बल्बचा अंधार जास्त खरा वाटतो. अक्षरं: एका पाटीवर तीन-चार शब्द, साधा टंक, रक्ताचे ओघळ नकोत. नाव धक्क्यानंतर, काळ्यावर, जवळजवळ आवाजाशिवाय.

६. दाखवून बघा

ज्यांनी फिल्म पाहिलेली नाही अशांना एकेकट्याला फोनवर दाखवा, एकदा हेडफोन लावून आणि एकदा न लावता. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्या हातांकडे बघा. हात फोनवर घट्ट होतात ती जागा लिहून ठेवा. अंगठा पट्टी पुढं सरकवायला उचलला जातो ती जागाही लिहा, आणि तिथून मागचे दहा सेकंद परत कापा. 'कसा वाटला?' विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. 'त्या घरात काय आहे असं वाटतं?' हे विचारा. अचूक उत्तर आलं तर तुम्ही जास्त दाखवलंय, तेव्हा पहिल्या टप्प्यातली बिन उघडून तिच्यातला कुठला शॉट पळून आला ते शोधा. 'काही कळलं नाही' असं उत्तर आलं तर विसंगत गोष्टीचा शॉट दोन सेकंद वाढवा. तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली आणि तिघेही खात्रीनं बोलले, तर कट तयार आहे.

ट्रेलर थिएटरात लावायचा असेल तर त्याला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळाल्यावर कट परस्पर बदलता येत नाही. म्हणून ही चाचणी अर्ज करण्यापूर्वी उरका.